दातवण, मशेरी, मंजन : दंतधावनाच्या शब्दांचा इतिहास आणि ‘नैसर्गिक’ ही उपाधी

दात घासण्याच्या द्रव्याची निवड करताना आज ‘नैसर्गिक’ आणि ‘फ्लोराइडविरहित’ ही दोन विशेषणे जोडीने वापरली जातात. त्यांपैकी पहिले होकारार्थी दिसते, दुसरे उघडच नकारार्थी आहे. आणि व्यवहारात पहिल्याचा अर्थ बहुधा दुसऱ्यानेच ठरतो. जे द्रव्य परंपरेने आले ते निसर्गाच्या जवळचे, आणि जे निसर्गाच्या जवळचे ते निर्धोक, ही अनुमानपरंपरा इतकी अंगवळणी पडली आहे की तिची छाननी क्वचितच होते. दंतधावनाच्या बाबतीत ही छाननी करण्यास एक चांगले साधन उपलब्ध आहे. ते म्हणजे ह्या नित्यकर्मासाठी निरनिराळ्या काळी वापरले गेलेले शब्द. द्रव्ये नष्ट होतात, सवयी पालटतात. शब्द मात्र मागे राहतात, आणि पुष्कळदा मूळ वस्तू निघून गेल्यावर दुसऱ्याच वस्तूवर जाऊन बसतात.

संस्कृतात ह्या क्रियेचे सर्वसामान्य नाव दंतधावन. तिच्या साधनाची नावे दंतकाष्ठ आणि दंतपवन. ‘पवन’ हा शब्द येथे वायुवाचक नसून ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे ह्या धातूपासून आलेला आहे. पालीत दंतकट्ठ आणि दंतपोण ही रूपे आढळतात, प्राकृतात दंतवण. बौद्ध विनयपिटकातील चुल्लवग्गात दंतकाष्ठाविषयी जो भाग आहे तो सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने मोठा मनोरंजक आहे. दंतकाष्ठ न वापरल्याने होणारे पाच तोटे व वापरल्याने होणारे पाच लाभ तेथे सांगितले आहेत. डोळ्यांस अपाय, तोंडास दुर्गंधी, रसवाहिन्या शुद्ध न होणे, पित्त व कफ अन्नावर चढणे, अन्नाची रुची न लागणे, असे ते तोटे होत. पुढे काही भिक्षू लांबलचक काष्ठे चघळू लागले आणि त्यांनीच श्रामणेरांना मारू लागले; तेव्हा आठ अंगुळांहून लांब काष्ठ वापरू नये असा नियम झाला. मग कोणी फारच आखूड काष्ठ घेतले आणि ते घशात अडकले. तेव्हा चार अंगुळांची किमान मर्यादा ठरली. नियम कसे घडतात ह्याचे इतके प्रांजळ चित्र अन्यत्र सहसा मिळत नाही.

जैन मुनिधर्माने ह्याच्या नेमकी उलट भूमिका घेतली. दशवैकालिकसूत्रात मुनीने वर्ज्य करावयाच्या गोष्टींत अंजनाच्या शेजारी दंतवणाचा समावेश आहे, आणि दिगंबर परंपरेत अदंतधावन हा मुनीच्या अठ्ठावीस मूलगुणांपैकी एक मानला जातो. एकाच काळी, एकाच भूप्रदेशात, एका संप्रदायात जे आरोग्याचे साधन तेच दुसऱ्यात देहशृंगाराचे लक्षण ठरले. तात्पर्य, दात घासणे ही प्राचीनांच्या दृष्टीने केवळ स्वच्छतेची बाब नव्हती. तिच्यामागे नेहमीच काहीएक जीवनदृष्टी उभी असे.

वैद्यकग्रंथांत विषय अधिक तांत्रिक होतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिवसातून दोन वेळा, टोक ठेचलेले, तुरट, तिखट वा कडू रसाचे दंतपवन वापरण्यास सांगितले असून करंज, करवीर, अर्क, मालती, ककुभ आणि असन हे वृक्ष त्यासाठी नमूद केले आहेत. सुश्रुताने बारा अंगुळे लांब, करंगळीएवढे जाड, सरळ व गाठी नसलेले काष्ठ घ्यावे असे म्हटले आहे. आणि कडू रसात निंब, तुरटात खदिर, गोडात मधूक व तिखटात करंज अशी रसागणिक श्रेष्ठ झाडे सांगितली आहेत. काष्ठाबरोबर मध, त्रिकटू, तेल, सैंधव ह्यांचे मिश्रण वापरण्याचाही त्यात निर्देश आहे, म्हणजे काडी आणि मंजन ही दोन साधने प्रारंभी परस्परपूरक होती. घसा, टाळू, ओठ व जीभ ह्यांचे रोग, तोंड येणे, दमा, खोकला, उचकी, वांती अशा अवस्थांत दंतकाष्ठ वर्ज्य ठरविले आहे. धर्मशास्त्राने आणखी एक बंधन घातले. प्रतिपदा, षष्ठी, नवमी व पर्वदिवस अशा तिथींना काष्ठ निषिद्ध मानून त्याऐवजी पाण्याच्या बारा चुळा भराव्यात असा पर्याय दिला. महामहोपाध्याय काणे ह्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) आह्निकाच्या विवेचनात ह्या निषेधांची दखल घेतली आहे.

ह्या सर्व तपशिलात एक गोष्ट लक्षणीय आहे. द्रव्य निवडण्याची कसोटी रस ही आहे, व्यक्तीची प्रकृती ही आहे, तिथी ही आहे. ‘निसर्गातून आलेले’ ही कसोटी कोठेच नाही. ती असण्याचे कारणही नव्हते, कारण निसर्गाबाहेरचे दुसरे द्रव्य समोर उभे नव्हते. शिवाय चरकाच्या यादीतील करवीर म्हणजे कण्हेर आणि अर्क म्हणजे रुई ही दोन्ही विषारी झाडे आहेत. कण्हेरीची विषबाधा हृदयाच्या गतीवर परिणाम करते, रुईचा चीक डोळ्यांस व त्वचेस दाहक असतो. प्राचीन वैद्यास हे ठाऊक होते. म्हणूनच तो कोणी, केव्हा, किती हे प्रश्न विचारी. त्याच्या यादीतून झाडे तेवढी उचलायची आणि प्रश्न मागे ठेवायचे, ह्याला परंपरेचे अनुसरण म्हणता येणार नाही.

शब्द आणि वस्तू ह्यांची ताटातूट कशी होते ह्याचे सर्वांत जुने नोंदलेले उदाहरण एका परदेशी प्रवाशाने दिले आहे. चिनी भिक्षू इत्सिंग हा ६७१ मध्ये स्वदेशातून निघाला आणि ६९५ मध्ये परतला; मधल्या काळातील सुमारे दहा वर्षे त्याने नालंदा येथे घालविली. भारतातील बौद्ध आचारांविषयीच्या त्याच्या ग्रंथात (जपानी विद्वान ताकाकुसू ह्यांनी १८९६ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला) दंतकाष्ठावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. काष्ठाची लांबी बारा अंगुळे, निदान आठ, जाडी करंगळीएवढी, एक टोक सावकाश चावून मऊ करावे, मग दात घासावेत, जीभ खरवडावी, चूळ भरावी, असा क्रम तो देतो. भारतात दंतशूळ क्वचितच आढळतो आणि त्याचे श्रेय ह्या काष्ठास आहे, असेही तो म्हणतो. त्यानंतर तो आपल्या देशबांधवांची एक चूक दुरुस्त करतो. चीनमध्ये दंतकाष्ठास ‘वाळुंजाची फांदी’ म्हणत. इत्सिंग सांगतो की हे नाव चुकीचे आहे, कारण भारतात वाळुंजाची झाडेच विरळ आहेत. अनुवादकांनी घरचे झाड घालून परक्या वस्तूची सोय लावली होती. इत्सिंगची दुरुस्ती भाषेने मानली नाही. तेच नाव पुढे जपानीत गेले, आणि आज तेथे ‘योजी’ हा शब्द दात कोरण्याच्या काडीसाठी चालतो. लिहिताना अक्षरे अजूनही वाळुंजाच्या फांदीचीच आहेत. वस्तूमध्ये मात्र ना वाळुंज राहिला, ना दात घासणे.

मराठीतही असेच एक स्थलांतर झाले, आणि त्याचे परिणाम शब्दकोशापुरते मर्यादित राहिले नाहीत. मराठी ‘दातवण’ हा शब्द दंतपवन, दंतवण ह्या मार्गाने आलेला असून हिंदी दातुन व गुजराती दातण हे त्याचे सख्खे भाऊ होत. गुजरातीत आणि हिंदीत हा शब्द काडीलाच चिकटून राहिला. मराठीत त्याने काडीबरोबर चूर्णाचाही अर्थ घेतला, आणि त्या चूर्णात सुवासिनींचे दात काळे करणाऱ्या द्रव्याचाही समावेश झाला. हिरडा अथवा मायफळ ह्यांतील तुरट द्रव्य आणि हिराकशीतील लोह एकत्र आले की काळा रंग उत्पन्न होतो. पोथ्या लिहिण्याची एक प्रकारची शाई ह्याच संयोगातून होई. म्हणजे ‘शुद्ध करण्याचे साधन’ असा ज्याचा व्युत्पत्त्यर्थ, त्या शब्दाने दात काळे करण्याचे द्रव्य ओळखले जाऊ लागले. त्या समाजात काळे दात हे सौभाग्याचे व सौंदर्याचे चिन्ह असल्यामुळे ह्यात कोणास विसंगती जाणवली नसावी.

ह्या काळ्या चूर्णाच्या घरातच मशेरीचा प्रवेश झाला. मशेरी, मिशेरी, मिसरी अशी तिची रूपे प्रदेशपरत्वे आढळतात. उत्तरेकडील ‘मिस्सी’ म्हणजे दात काळे करण्याचे चूर्ण. ह्या शब्दाचा उगम कोणी फारसी ‘मिस’ म्हणजे तांबे ह्यात शोधतात, तर कोणी संस्कृत ‘मषी’ म्हणजे शाई अथवा काजळी ह्यात. ध्वनींच्या आधारे दोन्ही मार्ग संभवतात. मराठी रूपातील शकार मषीकडे बोट दाखवितो, तर सकारयुक्त रूप दख्खनच्या दरबारी भाषेकडे. दोहोंपैकी एकाची निवड करण्याची निकड नाही, कारण अर्थाचे केंद्र दोन्हीकडे काळेपणा हेच आहे. (खडीसाखरेसाठी हिंदीत असलेला ‘मिसरी’ हा शब्द निराळा, तो मिस्र म्हणजे इजिप्त देशाच्या नावावरून आलेला आहे.) तंबाखूचे झाड भारतात आले ते पोर्तुगीजांच्या मार्फत, म्हणजे वरील सर्व वैद्यकग्रंथांनंतर कित्येक शतकांनी. ते आल्यावर तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू हे दातांचे मंजन झाले, आणि काळ्या चूर्णाचे तयार नाव तिला मिळाले. महाराष्ट्रात व गोव्यात, विशेषतः स्त्रियांत, ही सवय रुजली. सकाळी एकदा दात घासण्यासाठी घेतलेली चिमूट दुपारी आणि रात्री पुन्हा घेतली जाऊ लागली. निकोटिनाचे व्यसन हे तिचे खरे कारण, पण नाव दंतधावनाचे राहिले. धूम्रपान करणाऱ्या स्त्रीकडे ज्या समाजाने तिरस्काराने पाहिले असते त्याच समाजाने मशेरी लावणाऱ्या स्त्रीकडे बोट दाखविले नाही, ह्याचे श्रेय अथवा अपश्रेय बव्हंशी ह्या नावाकडे जाते.

राखुंडीची कथा त्या मानाने साधी आहे. शेणीची, भाताच्या तुसाची वा बदामाच्या टरफलाची राख अथवा कोळसा, त्यात मीठ, क्वचित लवंग वा कापूर, एवढीच तिची सामग्री. ती घासते चांगली. किंबहुना नको इतकी चांगली घासते, आणि खरखरीत राखेने वर्षानुवर्षे दातांवरील चकाकीचा थर झिजतो.

‘मंजन’ हा शब्द मृज् म्हणजे घासून स्वच्छ करणे ह्या धातूच्या परिवारातील मानला जातो. विसाव्या शतकात छापील वेष्टने आली तेव्हा ‘दंतमंजन’ हे त्याचे संस्कृतसदृश रूप डब्यांवर झळकू लागले. माकडछाप काळ्या चूर्णाची डबी महाराष्ट्रातील एका पिढीच्या चांगली स्मरणात आहे. मुंबईत परळ येथे केशव विष्णु पेंढरकर ह्यांनी १९५२ मध्ये सुरू केलेल्या विको कंपनीचे वज्रदंती मंजन हे ह्याच परंपरेतील. त्याच्या आधीच, १९३७ मध्ये, कोलगेट कंपनीने भारतात व्यवसायास प्रारंभ केला होता. ट्यूबमधील लेप हा नवा पदार्थ होता आणि त्यासाठी मराठीने नवा शब्द घडविला नाही. ‘पेस्ट’ हा शब्द जसाच्या तसा घेतला. ‘कोलगेट’ हे विशेषनाम तर अनेक घरांत सामान्यनाम होऊन बसले, इतके की दुकानदाराकडे दुसऱ्याच कंपनीचे कोलगेट मागितले जाते.

येथवरच्या इतिहासात फ्लोराइड कोठेच नाही. ते आले पाण्याच्या अभ्यासातून. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज ह्या गावी १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके ह्या दंतवैद्यास तेथील लोकांच्या दातांवर तपकिरी डाग आढळले, आणि पुढे असेही दिसून आले की ह्या डागाळलेल्या दातांना कीड कमी लागते. १९३१ मध्ये रसायनज्ञ चर्चिल ह्यांनी त्याचे कारण पाण्यातील फ्लोराइड हे असल्याचे दाखविले. जानेवारी १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात अल्प प्रमाणात फ्लोराइड मिसळण्यास सुरुवात झाली, आणि १९५५–५६ च्या सुमारास अमेरिकेत फ्लोराइडयुक्त पेस्ट बाजारात आली. १९६० मध्ये तेथील दंतवैद्यक संघाने तिच्या उपयुक्ततेस मान्यता दिली. भारतात ह्याच कथेचे दुसरे टोक आधी पुढे आले. १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात अतिरिक्त फ्लोराइडामुळे दात व हाडे विद्रूप झालेल्या रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड ह्या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात हे द्रव्य मर्यादेपेक्षा अधिक आढळते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने लिटरमागे १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य, तर पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठरविलेली आहे. पेस्टमधील फ्लोराइड दशलक्ष भागांत १००० हून अधिक नसावे असा नियम आहे.

ह्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. फ्लोराइड हे खडकांतून पाण्यात उतरणारे खनिज आहे. नैसर्गिकपणा हीच कसोटी मानली तर ते गेरूइतकेच नैसर्गिक ठरेल. नेल्लोरच्या खेड्यांत जी हानी झाली ती कोणत्याही कारखान्याची नव्हती, ती विहिरीच्या पाण्याची होती. दुसरे असे की त्याविषयीची भीती आणि त्याविषयीचा विश्वास ही दोन्ही मात्रेच्या प्रश्नावर उभी आहेत. ज्या गावाच्या पाण्यातच ते अतिरिक्त आहे तेथे लहान मूल पेस्ट गिळणार असेल तर फ्लोराइडविरहित मंजनाची निवड समंजसपणाची ठरू शकते, जरी तेथील मुख्य उपाय पाणी बदलणे हाच होय. ज्या शहरातील पाण्यात ते नगण्य आहे आणि जेथे मूल दिवसभर बिस्किटे व गोळ्या खाते, तेथे त्याच निवडीची किंमत किडलेल्या दातांनी मोजावी लागण्याचा संभव अधिक. मुले व किशोर ह्यांच्यावरील प्रयोगांचा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला कॉक्रेन आढावा फ्लोराइडयुक्त पेस्टमुळे दातांच्या किडीत सरासरी २४ टक्के घट होते असे सांगतो, आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा द्रव्यांचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. निंब वा बाभूळ ह्यांच्या काडीने दात स्वच्छ होतात, हिरड्यांस व्यायाम मिळतो, ह्यात शंका नाही. परंतु कीड रोखण्याच्या बाबतीत तिच्यामागे एवढ्या तोलाचा पुरावा नाही. इत्सिंगने पाहिलेले निरोगी दात ज्या आहाराचे होते त्यात कारखान्यातील साखर नव्हती. काडी तेवढी परत आणून तो आहार परत येत नाही.

‘नैसर्गिक’ अथवा ‘आयुर्वेदिक’ म्हणजे काय हा प्रश्न प्रयोगशाळेप्रमाणेच न्यायालयातही गेला, आणि त्यास निमित्त झाले अबकारी कराचे. औषधावरील कर प्रसाधनावरील करापेक्षा कमी होता. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात १९६४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आयुर्वेदाच्या प्रमाणग्रंथांचे परिशिष्ट जोडले. त्यात चरक व सुश्रुत आहेतच. बैद्यनाथ कंपनीच्या लाल दंतमंजनाविषयी नागपूरच्या अबकारी आयुक्तालयाशी वाद झाला, तेव्हा घटकद्रव्ये प्रमाणग्रंथांत आहेत हा कंपनीचा मुख्य मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तो पुरेसा मानला नाही. सामान्य मनुष्य त्या वस्तूस काय समजतो, ती रोगासाठी घेतो की रोजच्या स्वच्छतेसाठी, हा लोकव्यवहाराचा निकष लावून न्यायालयाने तिला प्रसाधन ठरविले; २००९ मध्येही तोच निर्णय कायम राहिला. मधल्या काळात, २००४ मध्ये, विकोच्या उत्पादनांबाबत मात्र निकाल कंपनीच्या बाजूने लागून ती आयुर्वेदिक औषधांत गणली गेली. भाषाभ्यासकास हे निकाल शब्दार्थशास्त्रातील प्रकरणांसारखे वाचता येतात. अर्थ ग्रंथाने ठरवावा की प्रयोगाने, हाच तो जुना वाद.

तंबाखूच्या बाबतीत राज्यसंस्थेने हा वाद टाळून सरळ द्रव्यावरच बोट ठेवले. ३० एप्रिल १९९२ च्या अधिसूचनेने दंतमंजन व पेस्ट ह्यांत तंबाखू वापरण्यास देशभर मनाई झाली. तिला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये फेटाळले. धूररहित तंबाखूने कर्करोग होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेही नमूद केलेले आहे. परंतु ह्या मनाईचा विषय बाजारातील उत्पादन हा होता. घरच्या चुलीवर, घरच्या तव्यावर, एखाद्या गृहिणीने पानाची तंबाखू भाजून कुटली तर तेथे वेष्टन नाही, घटकांची यादी नाही, परवाना नाही. त्या चूर्णाबरोबर फक्त त्याचे नाव असते, आणि विचारल्यास ती दात घासण्याची मशेरी आहे असेच उत्तर मिळते.